यंगसनचे दोन हास्यपट: आधी कोणता पाहावा?

मूकपटांच्या जमान्यातल्या धमाल विनोदी लघुपटांचे निवडक तुकडे जोडून रॉबर्ट यंगसनने ‘द गोल्डन एज ऑफ कॉमेडी’ (1957) आणि ‘व्हेन कॉमेडी वॉज किंग’ (1960) हे चित्रपट केले. कलाकारांची यादी पाहिली तर दुसरा सहज सरस. चॅप्लिन आणि बस्टर कीटन हे मूकपटांतले बडे विनोदवीर पहिल्यात नाहीतच. दुसऱ्यात दोघेही आहेत. त्यातल्या ‘कॉप्स’ या लघुपटात पोलिसांचा अख्खा ताफा कीटनच्या मागे लागतो आणि तो चेहऱ्यावरची रेषही न हलवता पळत राहतो. शिवाय लॉरेल-हार्डीचा ‘बिग बिझनेस’: ख्रिसमसची झाडं विकायला आलेले हे दोघे आणि चिडलेलं गिऱ्हाईक एकमेकांच्या घरा-गाडीची मोडतोड करतात, तीही सावकाश, पाळीपाळीने!

तरी माझा कौल पहिल्यालाच. लॉरेल-हार्डीच्याच ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’मधली क्रीम-पाईंची तुफान फेकाफेक यंगसनने त्यात घेतली, म्हणून तिचा बराचसा भाग प्रेक्षकांपुढे राहिला. ही फेकाफेक असलेलं मूळ लघुपटाचं दुसरं रीळ 2015 पर्यंत हरवलेलंच मानलं जात होतं.

निवेदन दोन्हींत जरा जास्तच बोलतं. मुलांबरोबर बसणार असाल, तर मात्र दुसरा आधी लावा.