स्कोअर ९७, वेबसाइट मात्र तितकीच मंद

‘पेजस्पीड इन्साइट्स या गूगलच्या वेग-चाचणीतला स्कोअर ९० च्या वर नाही आणला तर पैसे परत’, असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर जरा थांबा. आमच्याकडे आलेल्या माणसाने शब्द पाळला, आणि म्हणूनच फसवणूक उशिरा कळली. स्कोअर ३१ चा ९७ झाला, हिरवं वर्तुळ दिसलं, पैसे चुकते केले. तक्रारी मात्र चालूच: मोबाइलवर पान उघडता उघडत नाही.

ब्राउझरचा नेटवर्क टॅब (पानासोबत काय काय डाउनलोड होतं ते दाखवणारा) उघडला, तर वरचा बॅनर अजून तोच, ४ एमबीचा पीएनजी. मग ९७ आले कुठून? सोर्स कोडमध्ये, हेडच्या (पानाच्या कोडचा आधी वाचला जाणारा भाग) अगदी सुरुवातीला, मुद्दाम गिचमिड करून ठेवलेली एक अट सापडली. ब्राउझरचा प्लॅटफॉर्म ‘लिनक्स एक्स८६_६४’ असेल तर सगळ्या स्क्रिप्ट आणि चित्रं रोखून धरायची! गूगलच्या सर्व्हरवरचा क्रोम चाचणीच्या वेळी स्वतःची ओळख नेमकी तीच सांगतो. म्हणजे परीक्षक आला की रिकामं पान पुढे करायचं, बाकीच्यांना जुनाच बोजा. डोकं चांगलं चालवलंय, पण भलतीकडे.

कॅशिंगमध्ये, म्हणजे ब्राउझरने फाइल्सच्या प्रती साठवून ठेवण्यात, तर याहून मोठा घोळ. एचटीएमएलसकट (पानाची मूळ फाइल) सरसकट सगळ्या फाइल्सना मॅक्स-एज, म्हणजे प्रत वापरायची मुदत, ३१५३६००० सेकंद, म्हणजे अख्खं वर्ष. नावात हॅश (फाइलच्या मजकुरावरून ठरणारा कोड) असलेल्या सीएसएस-जेएस फाइल्सना (पानाची मांडणी आणि स्क्रिप्ट) हे ठीक. फाइल बदलली की नावही बदलतं. एचटीएमएलला नो-कॅश हवं, म्हणजे प्रत वापरण्याआधी दर वेळी सर्व्हरला विचारायचं. आम्ही दर बदलले तरी आधी येऊन गेलेल्यांना जुनेच दिसत राहिले. त्यावर या गृहस्थांनी ‘कॅश क्लिअरिंग’चं मासिक पॅकेज पुढे केलं. सर्व्हरची कॅश कितीही पुसा, लोकांच्या ब्राउझरमधली प्रत त्याने हलत नाही.

पैसे देण्याआधी पेजस्पीडच्या रिपोर्टमधला वरचा भाग बघा. तिथे क्रोमच्या खऱ्या वापरकर्त्यांचे मागच्या २८ दिवसांचे आकडे असतात, आणि एलसीपी (पानावरचा सगळ्यात मोठा घटक दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत हवा. पुरेशी वर्दळ नसेल तर हा भाग रिकामा दिसतो. मग कामाआधी आणि कामानंतर नेटवर्क टॅबमधले एकूण एमबी आणि रिक्वेस्ट (ब्राउझरने किती वेळा फाइल मागितली) ताडून पाहा. चित्रं वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये आणून, ब्रॉटली (फाइल्स दाबून लहान करणारी पद्धत) चालू करून, नको त्या स्क्रिप्ट काढून खरंच काम झालं असेल, तर ते आकडे लगेच खाली येतात. २८ दिवसांचे आकडे सावकाश हलतात, त्यामुळे निम्मी रक्कम तोवर हातात ठेवायची, असं आधीच लेखी ठरवा. आमच्या नव्या डेव्हलपरने ही अट विनातक्रार मान्य केली.