विद्यापीठाचा एम्बेडेड कोर्स, फायनान्स कंपनीचं कर्ज आणि दोनअडीचशेचा बोर्ड

सीडॅक या सरकारी संगणक संस्थेच्या सी-कॅट या प्रवेश परीक्षेत रँक घसरला की थोड्याच दिवसांत फोन यायला लागतात. "मॅडम, एम्बेडेडमध्येच करिअर करायचंय ना? युनिव्हर्सिटीचा प्रोग्रॅम आहे, मोजक्याच सीट्स राहिल्यात." (एम्बेडेड म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेल्या चिपचं प्रोग्रॅमिंग.) आपला नंबर त्यांना कुठून मिळतो देव जाणे. मलाही असाच फोन आला आणि त्यातून पुढचं सगळं रामायण घडलं. या वर्षी ज्यांना असे फोन येतायत त्यांनी हे पूर्ण वाचावं. इन्स्टिट्यूटचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. शिवाय नाव सांगून उपयोगही नाही, पाटी बदलायला त्यांना एक दुपार पुरते.

आधी हा गळ ई अँड टीसीवाल्यांच्याच, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगवाल्यांच्याच, घशात का अडकतो ते सांगते. चार वर्षं आपण ८०८५ आणि ८०५१ या जुन्या चिप्स घोकतो, व्हायव्हाला पिन डायग्रॅम काढून दाखवतो आणि कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या बहुतेक आयटी सर्व्हिसच्या असतात. 'कोअर'मध्ये, म्हणजे आपल्या शाखेच्याच कामात, जायचं हा ध्यास मात्र सुटत नाही. पुणे-चाकण पट्ट्यात गाड्यांच्या ईसीयूचं, म्हणजे गाडीतल्या छोट्या कंट्रोल कॉम्प्युटरचं, काम चालतं, तिथे एम्बेडेड सीवाले लागतात, हे खरंच आहे. सीडॅकचा डीईएसडी हा एम्बेडेडचा पीजी डिप्लोमा त्या दारातून आत जायचा माहीत असलेला रस्ता. २४ आठवडे, ९०० च्या आसपास तास, प्रवेश परीक्षेतूनच. तो हुकला की माणूस हळवा झालेला असतो. नेमक्या त्या दिवसांत डीईएसडीसारखंच ऐकू येणारं नाव आणि वर विद्यापीठाचा शिक्का असलेलं ब्रोशर हातात पडतं.

ब्रोशरवर परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाचा लोगो होता आणि 'पीजी प्रोग्रॅम इन एम्बेडेड सिस्टिम्स' असं ठळक छापलेलं होतं. काउन्सेलर तोंडाने म्हणत होता, "एम. टेक.ला इक्विव्हॅलंटच आहे. पुढे क्रेडिट ट्रान्सफर करून डायरेक्ट एम. टेक. घेता येईल, तेही पुण्यात बसून, शनिवार-रविवार." माझे वडील, अप्पा, बार्शीहून मुद्दाम आले होते. त्यांच्याकडे वळून तो म्हणाला, "काका, मुलगी आता आमची जबाबदारी." अप्पा शाळेत क्लार्क, आयुष्यभर दुसऱ्यांचे दाखले तपासण्यात गेलं. त्यांनी विचारलं, "हे तुम्ही जे बोलताय ते लिहून देता का?" त्यावर उत्तर आलं, "काका, सगळं अ‍ॅग्रीमेंटमध्ये येतंच."

अ‍ॅग्रीमेंटमध्ये विद्यापीठ हा शब्दच नव्हता. पावतीवर 'स्किल ट्रेनिंग फी' लिहिलेलं होतं. आणि ते अ‍ॅग्रीमेंट हातात पडलं पैसे गेल्यानंतर.

पैसे गेले कसे, हा या सगळ्यातला सर्वांत हुशारीचा भाग आहे. फी एक लाख पंच्याऐंशी हजार. एवढी रक्कम एकदम नाही म्हटल्यावर त्याने टॅब पुढे केला. "स्कॉलरशिप फॉर्म भरू. बाकीची नो कॉस्ट ईएमआय." अप्पांचं आधार, पॅन आणि बँकेचा तपशील घेतला. अप्पांचा ईमेल नव्हता, तर तिथल्या तिथे त्याने एक नवीन जीमेल अकाउंट उघडून दिलं. पासवर्ड त्यानेच टाकला. मग एकामागून एक ओटीपी आले. "काका, सांगा बरं नंबर," असं म्हणत तो टॅबवर टाकत गेला. त्यातला एक ओटीपी अप्पांच्या नावावरच्या कर्जाच्या करारावर सही म्हणून होता आणि एक ई-नॅचचा, म्हणजे दर महिन्याला खात्यातून हप्ता परस्पर कापून घ्यायची परवानगी. स्कॉलरशिप वगैरे काही नव्हतंच. फायनान्स कंपनीने पूर्ण रक्कम एकगठ्ठा इन्स्टिट्यूटला दिली आणि दीड वर्षाचे हप्ते आमच्या गळ्यात.

डिजिटल कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम २०२२ पासून आहेत. कर्जाचा खरा वार्षिक दर आणि सगळे चार्जेस एकत्र दाखवणारं विवरणपत्र सहीच्या आधी द्यावं लागतं, आणि ठरावीक मुदतीत दंड न भरता कर्ज परत करून बाहेर पडता येतं. आम्हालाही ते विवरणपत्र पाठवलेलं होतं. कुठे? त्या नवीन जीमेलवर, ज्याचा पासवर्ड काउन्सेलरकडे होता. आम्ही तो मेल पाहिला तेव्हा बाहेर पडायची मुदत केव्हाच उलटून गेली होती. माणसाने एवढं डोकं शिकवण्यात लावलं असतं तर इन्स्टिट्यूट खरंच नावारूपाला आली असती.

आता शिकवण्याबद्दल. फीव्यतिरिक्त किटचे साडेचौदा हजार वेगळे घेतले होते, 'इम्पोर्टेड एआरएम डेव्हलपमेंट किट' म्हणून. खोक्यातून निघाला ब्लू पिल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एसटीएम३२एफ१०३ ही चिप बसवलेला बोटभर निळा बोर्ड, बुधवार पेठेत तपकीर गल्लीत तेव्हा दोनअडीचशेला मिळत होता. बोर्ड स्वस्त आहे म्हणून वाईट नाही, शिकायला उत्तमच आहे. पण आमच्या बोर्डवरची चिपसुद्धा अस्सल नव्हती. ओपनओसीडी या चिपमध्ये प्रोग्रॅम भरायच्या टूलने जोडायला गेलं की आयडीकोड, म्हणजे चिपचा ओळखक्रमांक, जुळत नाही म्हणून ते टूल अडून बसायचं. त्या कोडचा पहिला आकडा १ हवा, आमच्याकडे २ येत होता. नकली चिपची ही ठरलेली खूण आहे. ट्रेनर आला, कॉन्फिग फाइलमध्ये एका ओळीतल्या एकाचे दोन केले, म्हणाला "झालं, चालवा आता," आणि गेला. असं का झालं हे मी विचारलं तर म्हणाला, "टूलचा बग आहे." घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं. यूएसबी चालेना, तेही असंच निघालं: यूएसबीच्या लाइनवरचा पुल-अप रेझिस्टर दीड के (किलो-ओहम) हवा, आमच्या बोर्डवर दहा के होता. मी तो बदलून घेतला आणि बॅचमधल्या चारदोघांनाही बदलून दिला. त्या सगळ्या महिन्यांत माझ्या हाताने झालेलं खरं एम्बेडेडचं काम म्हणजे एवढंच.

ऑटोमोटिव्ह मॉड्यूल हे ब्रोशरचं मुख्य आकर्षण होतं. कॅन बस (गाडीतल्या ईसीयूंना एकमेकांशी जोडणारी दोन तारांची लाइन), डायग्नॉस्टिक्स, ऑटोसार (ईसीयूच्या सॉफ्टवेअरचं मानक), सगळं. प्रत्यक्षात कॅन शिकवलं स्लाइडवर. महागड्या टूलचे स्क्रीनशॉट दाखवले, लायसन्स नव्हतंच. आख्ख्या बॅचला एक ऑसिलोस्कोप, त्याचा एकच प्रोब धड. ट्रेनर आधीच्याच बॅचचा विद्यार्थी निघाला. नोकरी न लागल्यामुळे त्याला तिथेच ठेवून घेतलं होतं आणि इन्स्टिट्यूटच्या हिशेबात तो 'प्लेस्ड' होता. त्याचा राग येत नाही, त्याचेही हप्ते चालू होते.

कुणी डेमो लेक्चरला जाणार असाल तर 'प्लेसमेंट किती टक्के' विचारत बसू नका, उत्तर पाठ असतं. लॅबमध्ये चालू कॅन नेटवर्क दाखवा म्हणा. नंतर पॉवर बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो या दोन तारांच्या मध्ये मल्टिमीटर लावायला सांगा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून साधारण ६० दिसायला हवेत. ज्यांच्याकडे खरंच दोन नोड, म्हणजे दोन बोर्ड, जोडून ठेवलेले आहेत ते मिनिटात दाखवतील. ज्यांच्याकडे नाहीत ते तुम्हाला चहा पाजतील.

विद्यापीठाचं प्रकरण मी शेवटी स्वतःच खणून काढलं. रजिस्ट्रारला साधा ईमेल केला: अमुक कोर्स, अमुक शहर, हा तुमचा आहे का? उत्तर आलं की या संस्थेशी एका छोट्या सर्टिफिकेट कोर्सपुरता करार होता, त्याची मुदत संपलेली आहे, पीजी प्रोग्रॅमशी विद्यापीठाचा संबंध नाही. हा ईमेल मी प्रवेशाच्या आधीही करू शकले असते असं लोक मला सांगतात. तर त्यांना सांगते की काउन्सेलरने विद्यापीठाच्या लेटरहेडवरचं 'ऑथराइज्ड सेंटर'चं पत्र दाखवलं होतं, सहीशिक्क्यासकट. तारखेची जागा अंगठ्याखाली होती.

तो करार चालू असता तरी एम. टेक.ची बात खोटीच होती. पदवी कोण देऊ शकतं हे १९५६ च्या यूजीसी कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे, आणि फ्रँचायझी नेमून तिच्यामार्फत अभ्यासक्रम चालवणं यूजीसीला मान्य नाही. २०२२ मध्ये एडटेक कंपन्यांच्या बाबतीत त्यांनी तसं जाहीर बजावलंही. राज्याच्या कायद्याने झालेल्या खासगी विद्यापीठाला दुसऱ्या राज्यात वाटेल तिथे सेंटर थाटता येत नाही. आणि इंजिनिअरिंगची पदवी दूरस्थ पद्धतीने तर नाहीच. अभिमत विद्यापीठांनी अशा वाटलेल्या पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये जो निकाल दिला, त्यात कितीतरी जणांची प्रमाणपत्रं अडकली. 'विकेंड एम. टेक., सेंटर पुणे' असं ऐकलं की यूजीसीच्या साइटवर विद्यापीठ शोधा आणि मंजूर कॅम्पस कुठे आहे ते पाहा. विद्यापीठ यादीत आहे एवढ्यावर थांबू नका. आमचंही यादीत होतंच.

प्लेसमेंटचं कलम असं होतं: तीन इंटरव्ह्यू मिळवून दिले की इन्स्टिट्यूटची जबाबदारी संपली. पहिला आला विमाननगरच्या कॉल सेंटरचा, 'टेक्निकल सपोर्ट' नावाखाली. गेला नाहीत तरी एक मोजला. दुसरा एका कंपनीचा, जिचं ऑफिस इन्स्टिट्यूटच्याच वरच्या मजल्यावर होतं आणि एचआरच्या खुर्चीत आमच्या अ‍ॅडमिशनला बसलेली बाई होती. तिसऱ्याआधी मला बाजूला घेऊन सांगितलं की फ्रेशरला कुणी घेत नाही, साठ हजार दे, दोन वर्षांचा अनुभव दाखवणारी पत्रं करून देतो. मी नाही म्हटलं. बॅचमधल्या एकाने घेतली, नोकरीला लागलाही. मग बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये पीएफची सर्व्हिस हिस्ट्री मागितली. दोन वर्षांचा अनुभव आणि यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, कालचा. त्याच आठवड्यात त्याला काढलं. त्याच्यावर काय बेतलंय ते त्याच्या घरीसुद्धा अजून माहीत नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

पोलीस चौकीत "सिव्हिल मॅटर आहे" म्हणाले. तेव्हा आम्ही ग्राहक आयोगात गेलो, आणि तेही पुण्यात नाही, सोलापूरला. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा लागत नाही. इन्स्टिट्यूटच्या वकिलाने पहिलाच मुद्दा काढला की आम्ही शिक्षणसंस्था आहोत, शिक्षण ही 'सेवा' नाही, ग्राहक कायदा आम्हाला लागू नाही. ऐकून अप्पा हसले. ब्रोशरमध्ये विद्यापीठ, पावतीत स्किल ट्रेनिंग, आणि आयोगासमोर पुन्हा शिक्षणसंस्था! आमच्या वकीलबाईंनी राष्ट्रीय आयोगाचा जानेवारी २०२० चा निकाल ठेवला. त्यात कोचिंग क्लासना शिक्षणसंस्था मानलेलं नाही, ते कायद्याच्या कक्षेत येतात. सोबत त्यांचीच पावती जोडली. नोकरीची हमी देणाऱ्या कोचिंगच्या जाहिरातींना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मनाई केली आहे, त्याही दिल्या.

तुमच्याकडे पुरावे काय आहेत यावर पुढचं सगळं अवलंबून राहतं. माझ्याकडे काउन्सेलरचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हॉइस मेसेज होते, ज्यात 'एम. टेक. इक्विव्हॅलंट' स्वच्छ ऐकू येतं. फोन बदलला तरी जुना हँडसेट विकू नका. अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडतात, तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं.

कर्जाचं भांडण वेगळं लढावं लागतं. क्लास बंद पडला तरी हप्ता थांबत नाही, कारण फायनान्स कंपनीच्या कागदावर तुम्ही पैसे घेतलेत. नुसतं ई-नॅच रद्द करून बसलात तर सिबिल खराब होतो आणि वसुलीवाले घरी येतात. आमच्याकडेही आले, अप्पांच्या शाळेत फोनसुद्धा केला. आधी कर्ज देणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार करा, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जा. आमच्या तक्रारीत ते जीमेल अकाउंट कोणत्या दिवशी, किती वाजता उघडलं आणि विवरणपत्र किती वाजता आलं हे दिलं होतं. दोन्हींत काही मिनिटांचंच अंतर होतं. त्यानंतर कंपनीचे फोन थांबले. हप्त्यांचं काय ते अजून ठरायचंय.

मधल्या काळात इन्स्टिट्यूटने तडजोडीचं पत्र पाठवलं. चाळीस टक्के परत देतो, बदल्यात तक्रार मागे घ्या आणि कुठेही काही लिहिणार नाही अशी हमी द्या. बॅचमधल्या ज्यांना असं पत्र आलंय त्यांनी दुसरं पान नीट वाचा. 'कर्जाची संपूर्ण जबाबदारी विद्यार्थ्याची राहील' हे वाक्य तिथे तळाशी, तळटीप म्हणून टाकलेलं आहे. अप्पांनी त्या ओळीखाली लाल पेनने रेघ मारून पत्र तसंच वकीलबाईंकडे दिलं. पुढची तारीख पडली आहे.