घरातल्या देखभालीसाठी सरकारी पैसा: सेवा, रोख की दरडोई ठोक रक्कम?

हिंडणं-फिरणं थांबत आलेली, औषधांच्या आणि आधाराच्या भरवशावर जगणारी म्हातारी माणसं एका बाजूला. व्हेंटिलेटरवर, गळ्यातल्या नळीवर किंवा पोटातल्या नळीने अन्न घेत वाढणारी मुलं दुसऱ्या बाजूला. धोरणाच्या कागदावर ही दोन्ही नावं बहुतेकदा शेजारी-शेजारी येतात, कारण दोघांचीही देखभाल संस्थेत न होता घरी व्हावी असं सगळ्यांनाच वाटतं. पैसा कुठल्या वाटेने आणायचा हे ठरवायला बसलं की मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. एखाद्या समितीवर, पालकांच्या संघटनेत किंवा स्थानिक प्रशासनात बसून नेमकी कोणती योजना मागायची हे ज्यांना ठरवायचं आहे, त्यांच्यासाठी ही तुलना.

कुठल्याही योजनेत मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघते. माणूस संस्थेत असताना पैसा हक्काने मिळतो आणि घरी आणलं की रांगेत उभं राहावं लागतं, असं तर नाही ना? कारण तसं असेल, तर योजनेच्या नावात 'घर' हा शब्द कितीही वेळा आला तरी माणसं संस्थेतच जातात.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. केटी बेकेट ही आयोवा राज्यातली मुलगी पाच महिन्यांची असताना मेंदूज्वराने आजारी पडली आणि तिला व्हेंटिलेटर लागला. ती रुग्णालयात होती तोवर मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची तिथली सरकारी आरोग्य योजना, तिचा खर्च करत होती. घरी नेलं की आईवडिलांचं उत्पन्न मोजलं जाणार आणि मदत बंद होणार, असा नियम होता. घरचा खर्च रुग्णालयापेक्षा पुष्कळ कमी असूनही! 1981 मध्ये हे प्रकरण थेट राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यापर्यंत गेलं, तेव्हा अपवाद करून तिला घरी जाऊ दिलं. पुढच्याच वर्षी कायद्यात बदल झाला आणि अशा मुलांच्या बाबतीत आईवडिलांचं उत्पन्न न मोजण्याची मुभा राज्यांना मिळाली.

त्याच सुमारास, 1981 मध्ये, तिथे 'वेव्हर' योजनाही सुरू झाल्या, म्हणजे नेहमीच्या नियमांतून सूट घेऊन मेडिकेडचा पैसा घरच्या देखभालीवर खर्च करण्याची राज्यांना परवानगी. या दोन्हींतला फरक नीट पाहण्यासारखा आहे. 1982 ची सवलत राज्याने एकदा स्वीकारली की निकषात बसणाऱ्या प्रत्येक मुलाला ती द्यावीच लागते. वेव्हरमध्ये राज्य जागांची संख्या ठरवू शकतं, म्हणून प्रतीक्षायादी लागते आणि काही राज्यांत ती वर्षानुवर्षं चालते. नर्सिंग होम, म्हणजे कायम देखभाल लागणाऱ्यांची निवासी संस्था, तिथली जागा मात्र मेडिकेडने देणं बंधनकारक. कारण नसताना माणसाला संस्थेत अडकवून ठेवणं हा भेदभाव आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये ओल्मस्टेड खटल्यात दिला. तरीही पैशाचा हा मूळ कल पूर्ण गेलेला नाही. तेव्हा मसुदा हातात आला की 'उपलब्ध निधीच्या मर्यादेत' हे शब्द कुठे आहेत ते आधी शोधा. ते घरच्या देखभालीच्याच कलमात सापडले, तर बाकीचं वाचण्याआधी त्यावर बोला.

आता तिन्ही वाटा.

पहिली वाट थेट सेवेची. जपानने एप्रिल 2000 मध्ये दीर्घकालीन देखभालीचा सार्वजनिक विमा सुरू केला. चाळिशी ओलांडलेला प्रत्येक जण हप्ता भरतो. निम्मा पैसा हप्त्यांतून येतो, निम्मा करातून. गरजेचे सात स्तर आहेत, आणि केअर मॅनेजर त्या मर्यादेत सेवांचा आराखडा बसवून देतो: आंघोळीला मदत, दिवसभराचं केंद्र, घरी येणारी परिचारिका. सेवा घेणाऱ्याने साधारणपणे दहा टक्के भरायचे, उत्पन्न जास्त असेल तर वीस किंवा तीस टक्के. घरच्यांच्या हातात रोख रक्कम मिळत नाही, आणि हे मुद्दाम ठरवलं गेलं. पैसे दिले तर सून किंवा मुलगी कायमची त्या खाटेशी बांधली जाईल, असं म्हणत महिला संघटनांनी रोखीला विरोध केला होता. मला हा विरोध आजही पटतो. सेवेची वाट निवडली की गावोगावी मदतनीस तयार होतात, आणि घरातल्या बाईला दुपारी बाहेर पडता येतं.

पण हा विमा मुलांसाठी नाहीच. त्याचा लाभ पासष्टीनंतर, किंवा चाळिशीनंतर ठरावीक आजारांत. वैद्यकीय देखभाल लागणाऱ्या मुलांसाठी जपानला 2021 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. त्यात शासनाची आणि शाळा चालवणाऱ्यांची जबाबदारी स्पष्ट केली. शाळेत परिचारिका नसेल तर आईलाच दिवसभर शाळेत बसावं लागतं, हे त्यामागचं एक मोठं दुखणं होतं.

दुसरी वाट रोखीची, किंवा रोख आणि सेवा यांतून निवडीची. जर्मनीचा देखभाल विमा 1995 पासून आहे, आणि तो वय बघत नाही. मूल असेल तर त्याची तुलना त्याच वयाच्या निरोगी मुलाशी करतात. दीड वर्षाखालच्या बाळाला आपोआप एक श्रेणी वरची मिळते. पाच श्रेणी आहेत. 2025 च्या दरांनुसार तिसऱ्या श्रेणीत घरच्यांनीच सांभाळलं तर महिन्याला 599 युरो रोख, आणि व्यावसायिक सेवा घेतली तर 1497 युरोंपर्यंतची सेवा. मिश्रणही चालतं: सेवेचा साठ टक्के हिस्सा वापरला, तर रोखीचे चाळीस टक्के हातात येतात. शिवाय ठरावीक तासांच्या वर सांभाळणाऱ्या नातेवाइकाचे निवृत्तिवेतनाचे हप्ते विमा भरतो. ही शेवटची तरतूद मला सगळ्यात मोलाची वाटते. दहा वर्षं मुलाच्या उशाशी काढलेली आई स्वतःच्या म्हातारपणी रिकाम्या हाताने उरू नये, एवढं तरी व्यवस्थेने बघायला हवं.

मर्यादा अशी की हा विमा पूर्ण खर्च उचलत नाही. रचनाच अंशतः मदतीची आहे. रोख रक्कम सेवेच्या मूल्याच्या निम्म्याहूनही कमी, तरी घरी राहणारे बहुतेक जण रोखच घेतात. म्हणजे सरकार स्वस्तात सुटतं आणि शुश्रूषेचे तास घरच्यांच्या अंगावर राहतात. व्हेंटिलेटरवरच्या मुलाला रात्रभर जागी, सक्शन (नळीतला कफ यंत्राने ओढून काढणं) करता येणारी परिचारिका लागते. ती 599 युरोंत येत नाही. जर्मनीतही ती आरोग्य विम्याच्या वेगळ्या खात्यातून येते, आणि ते खातं नसतं तर ही योजना अशा मुलांसाठी फार अपुरी ठरली असती.

व्यक्तिगत अंदाजपत्रक, म्हणजे देखभालीसाठी ठरलेली रक्कम कशी खर्चायची हे घरच्यांनीच ठरवणं, हा रोखीचाच भाऊ. नेदरलँड्समध्ये ते नव्वदच्या दशकापासून आहे, इंग्लंडमध्ये 'सतत आरोग्य देखभाल' (मोठ्या आजारपणामुळे सरकारी आरोग्यसेवेनेच पूर्ण खर्च उचललेली देखभाल) या निकषात बसणाऱ्यांना 2014 पासून त्याचा हक्क आहे. ज्या पालकांना माणसं निवडणं, नेमणं, पगार करणं जमतं, त्यांना याने खरोखर मोकळा श्वास मिळतो. पण नेदरलँड्सने 2015 मध्ये हे पैसे एका मध्यवर्ती संस्थेमार्फत देणं सुरू केलं, तेव्हा अनेक मदतनिसांचे पगार रखडले. एकट्या राहणाऱ्या, विसरभोळ्या होत चाललेल्या आजोबांवर मी हिशेबाचा हा भार टाकणार नाही.

तिसरी वाट दरडोई ठोक रकमेची. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये सत्तरच्या दशकात सुरू झालेल्या ऑन लॉक या संस्थेने ती 1983 पासून घालून दिली. नर्सिंग होमची गरज पडेल इतक्या थकलेल्या प्रत्येक माणसामागे दरमहा ठरलेली रक्कम संस्थेला मिळते, आणि त्यात डॉक्टर, औषधं, दिवसाचं केंद्र, ने-आण, घरची मदत, रुग्णालय, सगळं भागवायचं. 1997 च्या कायद्याने 'पेस' या नावाने ती पद्धत देशभर कायमची झाली. वयाची अट पंचावन्न. पडून मांडीचं हाड मोडलं तर शस्त्रक्रियेचा खर्च संस्थेच्याच खिशातून जातो, म्हणून न्हाणीघरात आधाराची दांडी बसवायला ती आपणहून माणूस पाठवते. म्हाताऱ्या माणसांसाठी याहून नेटकी रचना मला दिसलेली नाही.

मुलांना ती तशीच लावू नये. अशी मुलं संख्येने थोडी असतात आणि एकेकाच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक असतो. दोन मुलांना एकदम रात्रंदिवस परिचारिका लागली तर छोटी संस्था कोलमडते, किंवा हळूहळू जास्त खर्चाची मुलं घ्यायचं टाळू लागते. शिवाय मुलाचा दिवस शाळेभोवती फिरतो, केंद्राभोवती नाही.

वयाच्या रेषेबद्दल थोडंच, पण आवर्जून. अमेरिकेत एकविशीपर्यंतच्या मेडिकेडमधल्या मुलाला वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक ती शुश्रूषा द्यावी लागते. वाढदिवसानंतर तेच तास राज्याच्या मर्जीवर जातात. इंग्लंडमध्ये अठराव्या वर्षी निकषच बदलतात. फुप्फुसं तीच, नळी तीच. तेव्हा मसुद्यात निदान एवढं लिहून घ्या, की नवी व्यवस्था प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत जुनी बंद होणार नाही.

मला विचाराल तर, अर्ज करायचं दार एकच ठेवा, पण पैशाच्या पिशव्या दोन. म्हाताऱ्या माणसांसाठी वस्ती दाट असेल तिथे दरडोई रक्कम, विरळ असेल तिथे थेट सेवा, कारण दिवसाचं केंद्र तासाभराच्या अंतरावर असेल तर पेसचा उपयोग उरत नाही. मुलांसाठी आईवडिलांचं उत्पन्न न मोजता, जागांची मर्यादा न घालता, परिचारिकेचे तास हक्काने. रोख रक्कम त्याच्या वर, त्याच्या बदल्यात नव्हे. आणि दोन्हीकडे घरच्यांना उसंत म्हणून वर्षातले काही आठवडे, अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ धरून. स्वतंत्र ओळ नसली की कपातीत पहिली तीच जाते.