क्षयरोगासाठी सासऱ्यांच्या कफाची जनुकीय तपासणी: साडेतीन तारे

कोथरूडमधल्या या लॅबचं नमुना घेण्याचं काम चोख. तिथल्या ताई सासऱ्यांना उघड्या गच्चीवर घेऊन गेल्या, "काका, थुंकी नको, छातीतून खोकून काढा," असं समजावलं, डबीवर नाव आमच्यासमोर लिहिलं. सीबीनॅटचा, म्हणजे क्षयाचे जंतू मशीनवर जनुकांवरून ओळखणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट त्याच संध्याकाळी मोबाईलवर.

घोळ काउंटरवर. "रिफॅम्पिसिन सेन्सिटिव्ह आलंय, म्हणजे सगळी औषधं चालणार," असं सांगून मुलगा मोकळा! मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे अडून बसले. रिफॅम्पिसिन हे क्षयाच्या औषधांपैकी एक, आणि 'सेन्सिटिव्ह' म्हणजे तेवढं लागू पडतं. त्यासाठी हे मशीन जंतूच्या आरपीओबी जनुकाचा डीएनएच्या 81 बेसजोड्यांचा तुकडा तपासतं. आयसोनियाझिड या क्षयाच्या दुसऱ्या औषधाला दाद न देणाऱ्या जंतूत बदल बहुतेकदा केएटीजी जनुकाच्या 315व्या जागी किंवा आयएनएचए जनुकाच्या प्रवर्तकात (जनुक चालू करणाऱ्या भागात) असतो, तिकडे ते बघतच नाही. शिवाय बदल सगळीकडे सारखे नसतात. आरपीओबीत जगभर बदलाची 450वी जागा नेहमीची. पण आफ्रिकेतल्या एस्वातिनीत 491व्या जागी बदल झालेले जंतू पसरले. ती जागा त्या तुकड्याबाहेर, म्हणून रिफॅम्पिसिन लागू पडत नसूनही रिपोर्ट 'सेन्सिटिव्ह'.

पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं आणि लाइन प्रोब ही दुसरी जनुकीय तपासणी सुचवली. तीत केएटीजी, आयएनएचए दोन्ही येतात. वर म्हणाल्या, "इथे पैसे कशाला घालवता? सरकारी क्षयरोग केंद्रातून फुकट होईल." हातचं गिऱ्हाईक सोडणारा सल्ला, तोही पुण्यात! अर्धा तारा त्याचाच. पार्किंगचं विचारू नका.