मैला उपसा टँकर सेवा : पावतीवर काय लिहितात आणि टाकीतून काय काढतात

भुयारी गटार न पोचलेल्या गावांत, शहराबाहेरच्या प्लॉटिंगमध्ये, कोकणातल्या वाड्या-वस्त्यांत शौचालयाचे पाणी सेप्टिक टाकीत जाते आणि टाकी तुंबली की सक्शन टँकर बोलावला जातो. ही सेवा महाराष्ट्रात दोन तऱ्हेने मिळते. एक, फोन केल्यावर येणारी खासगी गाडी. दुसरी, वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी सुरू केलेली, ठरलेल्या पाळीने स्वतःहून दारात येणारी गाडी. दोन्हींत पंप तसाच आणि पाइपही तसाच असतो. कामात मात्र बराच फरक पडतो, आणि तो कोणत्या शब्दाचा कोण काय अर्थ घेतो इथून सुरू होतो.

खासगी सेवेची पावती पाहा. बहुतेक वेळा तीवर ‘चेंबर सफाई, १ ट्रिप’ एवढेच असते. चेंबर म्हणजे पाइपलाइनच्या वळणावर किंवा सांध्यावर तपासणीसाठी ठेवलेली छोटी कुंडी. तिथे मैला साठत नाही, फक्त वाहतो. साठतो तो टाकीत. ‘ट्रिप’ हेही माप नव्हे, कारण गाडी ३,००० लिटरची असते, ५,०००ची असते आणि १०,०००चीही असते. म्हणजे या पावतीवर कशाची सफाई झाली तेही नाही आणि किती उपसले तेही नाही. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हा कागद काहीच सिद्ध करत नाही. पावतीवर ‘सेप्टिक टाकी उपसा’, टाकीचे माप, उपसलेले लिटर आणि गाडी रिकामी केली ते ठिकाण या चार गोष्टी हव्यात. लिहून द्यायला जो तयार नसेल त्याला बोलावू नये, दर कितीही कमी असला तरी.

आता टाकी म्हणजे काय ते. हाताने मैला साफ करायला माणसे लावण्यास बंदी घालणाऱ्या २०१३च्या केंद्रीय कायद्यात सेप्टिक टाकीची व्याख्या दिली आहे : पाणी न झिरपणारी, बहुधा जमिनीखालची अशी टाकी, जिच्यात मैला साठतो आणि जिवाणूंमुळे कुजतो. ‘पाणी न झिरपणारी’ हे त्यातले महत्त्वाचे शब्द. आपल्याकडे सेप्टिक टाकी म्हणून दाखवल्या जाणाऱ्या कितीतरी टाक्यांना तळच नसतो. कडेने विटांचे किंवा दगडाचे बांधकाम आणि खाली माती, असा तो खरे तर शोषखड्डा असतो. अशी टाकी ‘वीस वर्षांत कधी भरलीच नाही’ असे मालक कौतुकाने सांगतात, पण तिचे पाणी जमिनीत मुरत असते आणि शेजारच्या विहिरीकडे जात असते. सेप्टिक टाक्यांसाठीच्या भारतीय मानक २४७०नुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर दूर हवा. चांगला टँकरवाला झाकण उघडल्यावर पाण्याची पातळी पाहतो. पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या बरेच खाली असेल तर टाकी गळते आहे हे तो मालकाला तिथल्या तिथे सांगतो. एवढे सांगणारी सेवा मिळाली तर तिचा नंबर जपून ठेवावा.

टाकीचे माप काढणे सोपे आहे. लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली मीटरमध्ये घेऊन तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला १,०००ने गुणायचे. खोली मोजायची ती तळापासून बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या खालच्या कडेपर्यंत. स्लॅबपर्यंत मोजली तर आकडा फुगतो आणि तुम्ही जास्तीच्या खेपेचे पैसे भरता. याच मानकात १० माणसांच्या टाकीसाठी २ मीटर लांबी, ०.९ मीटर रुंदी आणि १.४ मीटर खोली दिली आहे. म्हणजे सुमारे २,५०० लिटर. ३,००० लिटरची गाडी ती एका खेपेत रिकामी करते. पण अपार्टमेंटची टाकी १०,००० लिटरची असेल आणि ४,००० लिटरची गाडी एकदाच येऊन ‘झाले काम’ म्हणत असेल, तर काम झालेले नाही.

अशा वेळी टाकीत नेमके काय उरते? टाकीत तीन थर असतात. वर तेलकट, तरंगणारी साय, मधे गढूळ पाणी आणि तळाशी काळा गाळ. उपसायचा असतो मुख्यतः गाळ. घाईत असलेला माणूस पाइपाचे तोंड मधल्या थरात धरतो, कारण पाणी झपाट्याने ओढले जाते, पाइप तुंबत नाही आणि पुढच्या ठिकाणी लवकर जाता येते. टाकी वरून रिकामी दिसते. शौचालय वापरू लागताच पाणी पुन्हा पातळीवर येते, गाळ होता तिथेच राहतो आणि काही महिन्यांत संडास परत तुंबतो. या सेवेबद्दलच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे. पाइप टाकल्यावर तोंड तळाला टेकलेले हवे, आणि ओढल्या जाणाऱ्या पाण्याचा रंग राखाडीवरून काळा, दाट होताना दिसायला हवा. तो शेवटपर्यंत पातळ राखाडीच राहिला तर काम थांबवून विचारावे.

गाळ किती आहे हे आधीच पाहून ठेवता येते. लांब बांबूच्या खालच्या तीन फुटांवर पांढरे जाड फडके घट्ट गुंडाळायचे, झाकणातून हळूच तळाला टेकवायचे, काही मिनिटे तसेच धरायचे आणि सावकाश वर काढायचे. जेवढा भाग काळा झाला तेवढा गाळ. गाळ आणि साय मिळून खोलीच्या एक तृतीयांशाला पोचले की उपसा करायचा. उपशानंतर हाच बांबू पुन्हा घातला की सेवेची परीक्षा होते. मात्र तळाशी इंचभर गाळ राहू द्यावा. भारतीय मानकातही किमान २५ मिलिमीटर गाळ ठेवायला सांगितले आहे, कारण नव्या मैल्याला लागणारे जिवाणू त्यात आयते असतात. टाकी धुऊन लख्ख करणे, फिनेल किंवा ॲसिड ओतणे हे चुकीचे काम आहे. उपशानंतर ‘बॅक्टेरिया पावडर’ गळ्यात मारण्याचा प्रकारही वाढला आहे. चालू टाकीला तिची गरज नाही. जिवाणू रोज मैल्याबरोबर येतातच.

२,००० लिटरपेक्षा मोठ्या टाकीत आडवी भिंत घालून दोन कप्पे करतात, मैला आत येतो तिथून दोन तृतीयांश अंतरावर. झाकणेही दोन असतात. बहुतेक गाळ पहिल्या कप्प्यात बसतो, पण एकच झाकण उघडून निघून जाणारी गाडी दुसऱ्यातला गाळ, टाकीबाहेर पडणारे पाणी जिथे मुरते त्या शोषखड्ड्यात जायला मोकळा सोडते. शोषखड्ड्याची माती एकदा गाळाने बुजली की तो खड्डा पुन्हा नीट चालत नाही. नवा खणावा लागतो.

पुढचा शब्द ‘सफाई’. हा शब्द आम्हाला सर्वांत धोकादायक वाटतो. गाळ दहा-बारा वर्षे घट्ट बसलेला असेल तर पंप तो ओढत नाही. मग ‘माणूस उतरवून सफाई करून देतो, वेगळे पैसे पडतील’ असे सांगितले जाते. २०१३च्या कायद्याने सुरक्षा साहित्य आणि खबरदारीशिवाय टाकी किंवा गटार हाताने साफ करणे याला ‘धोकादायक सफाई’ म्हटले आहे आणि कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी यांनी तिच्यासाठी माणूस लावण्यास मनाई केली आहे. ‘कोणतीही व्यक्ती’ यात घरमालक येतो आणि सोसायटीचा सेक्रेटरीही येतो. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अशा सफाईत माणूस मेला तर कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये दिला. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी दबा धरून राहतो. कमी प्रमाणात त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो, प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. वास नाही म्हणजे वायू नाही, या समजापायी माणसे गेली आहेत, आणि त्यांना काढायला उतरलेलेही गेले आहेत. घट्ट गाळावर योग्य उपाय एकच : पाणी सोडायचे, जेटिंगच्या, म्हणजे जोराच्या दाबाने मारलेल्या पाण्याच्या फवाऱ्याने किंवा पंप उलटा चालवून गाळ ढवळायचा आणि पुन्हा ओढायचा. वेळ लागतो, गाडीच्या दोन फेऱ्या होतात. ज्या सेवेकडे जेटिंगची सोय नाही तिने हे काम घेऊच नये. माणूस उतरवायची भाषा निघाली की गाडी परत पाठवावी.

गाडी भरली, पुढे कुठे जाते? इथे ‘सांडपाणी’ हा शब्द पांघरूण म्हणून वापरला जातो. ‘सांडपाणीच आहे, नाल्यातच जाणार’ असे सांगून रात्री गाडी ओढ्यात रिकामी होते. स्वयंपाकघर-न्हाणीघराचे पाणी वेगळे, शौचालयातून गटारात वाहणारे मैलापाणी वेगळे, आणि टाकीत वर्षानुवर्षे साठलेला मैलागाळ वेगळा. तो मैलापाण्यापेक्षा कित्येक पटींनी दाट असतो. त्याची एक गाडी लहान मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात एकदम ओतली तर तिथली जिवाणूंची घडी विस्कटते, मग ओढ्याचे काय होत असेल? मैलागाळासाठी वेगळी प्रक्रिया केंद्रे असतात. केंद्रावरच्या माणसाची सही असलेली नोंद गाडीवाल्याकडून मागावी.

वाई-सिन्नरची पद्धत आम्हाला उजवी वाटते ती यामुळे. दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी, असा पाळीचा हिशेब, त्यामुळे गाळ दगडासारखा बसायला वेळच मिळत नाही आणि माणूस उतरवायचा प्रश्न निघत नाही. दोन्ही गावांत रोज ७० हजार लिटर क्षमतेची मैलागाळ प्रक्रिया केंद्रे आहेत, म्हणजे गाडी कुठे जाणार ते आधीच ठरलेले. तुंबण्याची वाट न पाहता येणारी गाडी ही कल्पना सुरुवातीला लोकांना पटत नाही, ‘आमची भरली नाही’ म्हणून झाकण उघडू देत नाहीत. पण संडास तुंबतो तोवर टाकीतला गाळ शोषखड्ड्यात कधीच वाहून गेलेला असतो. या सेवेची खरी अडचण घरांच्या बाजूने आहे : झाकणावर टाकलेल्या फरशा, टाकीवर बांधलेला जिना, जुन्या गावातल्या गाडी न शिरणाऱ्या गल्ल्या. पाइप लांबवला की ओढ कमी होते, म्हणून अशा घरांसाठी छोटी गाडी लागते. आपले झाकण कुठे आहे ते पाळी येण्याआधीच शोधून मोकळे करून ठेवावे.

कोकणात आणि नदीकाठी एक काळजी जास्तीची घ्यावी. भर पावसाळ्यात भूजल वर आलेले असताना टाकी पूर्ण रिकामी करू नये. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने प्लास्टिक किंवा फायबरची टाकी वर उचलली जाते आणि विटांच्या भिंती आत येतात. उपसा शक्यतो डिसेंबर ते मे या काळात करावा आणि गाडी वळताच टाकीत बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीपर्यंत साधे पाणी भरून घ्यावे. एवढे पाणी घरात तयार नसेल तर गाडी बोलावण्याचा दिवस पुढे ढकलावा.