डब्यातला अर्क की अख्खं माल्ट?

सोलापुरात परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. इंग्लंडला नोकरीला गेलेल्या पुतण्याला मात्र घरच्यापुरती मुभा, म्हणून त्यानं फोनवर विचारलं, "काका, स्वस्त काय पडेल?"

सुरुवातीला अर्कच घे, म्हटलं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव; त्याच्या काकवीसारख्या घट्ट पाकाचा दीड किलोचा डबा, किलोभर साखर, यीस्ट, झाकणाची बादली. २३ लिटर तयार. माल्टचं गणित उलटं. २० लिटरला लागणारं चार-पाच किलो माल्ट अर्कापेक्षा स्वस्त, पण ३० लिटरचं पातेलं, गाळणी, थंड करायची नळी आधीच खिसा रिकामा करतात. वर ६५ अंशांच्या पाण्यात माल्ट भिजवून तासभर राखण. वास मात्र हुरड्यासारखा गोडसर सुटतो, तो डब्यात नाही.

निर्जंतुकीच्या पावडरीत काटकसर दोन्हीकडे नको रे बाबा. बादली नासली की सगळे पैसे मोरीत.