चंद्रावर उतरायचं की मंगळाभोवती फिरायचं? शाळेतल्या गटांसाठी मोहीम निवडताना

'पाच-सहा जणांच्या गटाने मिळून अवकाश मोहीम आखा' हा प्रकल्प यंदा घ्यायचा ठरला असेल, तर वर्गात पहिला प्रश्न येतो तो जायचं कुठं याचा. हात वर करायला सांगा, निम्म्याहून जास्त मुलं मंगळ म्हणतील, त्यातही रोव्हर, म्हणजे तिथल्या जमिनीवर चाकांनी फिरणारं यंत्र. विदर्भात शाळा उघडेपर्यंत जून संपत आलेला असतो, दिवाळीच्या आधी सत्र परीक्षा असते. मधल्या वेळात जे पूर्ण होईल तेच निवडायला हवं.

माझं मत आधीच सांगते. आठवी-नववीचे गट आणि हाती सहा-सात आठवडे असतील तर चंद्रावर उतरणारी मोहीम घ्या. दहावीची मुलं असतील, किंवा नववीतली गणिताला न घाबरणारी, तर मंगळाभोवती फिरणारं यान. मंगळावर रोव्हर उतरवण्याच्या फंदात शक्यतो पडू नका. तिथं उतरणं फार अवघड आहे: हवा विरळ, दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, म्हणजे यान तापवायला पुरेशी आणि नुसत्या पॅराशूटने थांबवायला अपुरी. 'पर्सिव्हिअरन्स' हा जवळपास एक टनाचा रोव्हर शेवटी दोरांनी लोंबकळत उतरवावा लागला. आठवीच्या गटाला हे गणित झेपत नाही, मग ते इंटरनेटवरून चित्र उतरवतात आणि खाली आपल्या गटाचं नाव घालतात.

खर्चाच्या रकान्यात मुलं हमखास अडकतात. 2013 च्या मंगळयानाचा खर्च सुमारे 450 कोटी, 2023 च्या चांद्रयान-3 चा सुमारे 615 कोटी. जवळचा चंद्र महाग आणि लांबचा मंगळ स्वस्त, हे कसं? दहा वर्षांची महागाई आहेच, पण मुख्य गोष्ट अशी की मंगळयान उतरलंच नाही. ते 1337 किलोचं होतं, पीएसएलव्ही रॉकेटवर मावलं. चांद्रयान-3 जवळजवळ 3900 किलोचं, त्याला एलव्हीएम-3 हे मोठं रॉकेट लागलं, कारण उतरायचं म्हणजे वेग मारायला इंधन हवं, पाय हवेत, अडथळे ओळखणारे कॅमेरे हवेत. 2019 मध्ये चांद्रयान-2 चं विक्रम लँडर शेवटच्या टप्प्यात कोसळलं, ते उतरण्याच्या याच भानगडीत. त्या मोहिमेचा ऑर्बिटर, म्हणजे चंद्राभोवती फिरणारा भाग, मात्र ठणठणीत राहिला. तेव्हा निवड करताना ग्रह-उपग्रहाआधी 'उतरायचं की फिरायचं' हे ठरवा, बाकीचं त्यामागून येतं.

अंतराचा अंदाज देण्यासाठी एक संत्रं पुरतं. सात सेंटिमीटरचं संत्रं म्हणजे पृथ्वी समजा आणि ते नागपूरच्या कस्तुरचंद पार्कवर ठेवा. चंद्र बोराएवढा, दोन मीटरवर. मंगळ लिंबाएवढा, अगदी जवळ येतो तेव्हाही 300 मीटरवर, आणि दूर जातो तेव्हा सव्वादोन किलोमीटर, म्हणजे मैदान सोडून शहरात कुठंतरी.

चंद्राची बाजू मी का घेते, तर गट एकमेकांशी भांडतात म्हणून. चांगल्या अर्थाने. चांद्रयान-3 चा प्रज्ञान रोव्हर 26 किलोचा होता, सौरपट्टीतून मिळणारी वीज 50 वॉट, वेग सेकंदाला एक सेंटिमीटर, उपकरणं दोन. फळ्यावर '26' लिहा आणि वीज, संपर्क, विज्ञान, चाकं अशा जबाबदाऱ्या वाटून टाका. प्रत्येकाने आपल्या वस्तूचं वजन वहीत मांडायचं. पहिल्या दिवशी बेरीज हमखास चाळीसच्या वर जाते. मग वीजवाली पोर म्हणते, रात्र काढायची तर मोठी बॅटरी आणि हीटर पाहिजेच. चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांची असते आणि पारा उणे शंभरच्याही बराच खाली जातो. विज्ञानवाला तडकतो: 'म्हणजे आमचा कॅमेरा काढाचा का? मग तिथं जाऊन रोव्हर काय करून राहिला, नुसता झोपून?' हा वाद सोडवायला सरांनी किंवा मॅडमनी मध्ये पडू नये. इस्रोनेही रात्र काढण्याची सोय केली नव्हती. एका चांद्रदिवसाचं, म्हणजे साधारण चौदा दिवसांचं काम ठरवलं, सप्टेंबरच्या सुरुवातीला रोव्हर-लँडर झोपवले आणि ते पुन्हा जागे झाले नाहीत. चीनने मात्र आपल्या चांद्र रोव्हरमध्ये किरणोत्सारी पदार्थाच्या उष्णतेवर चालणारे हीटर घातले आणि रात्रीमागून रात्री काढल्या. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. गटाने कोणतं घेतलं आणि त्यासाठी काय सोडलं, एवढंच तपासा.

चंद्राला नागपूरकरांसाठी आणखी एक सोय आहे. चांद्रयान-3 च्या लँडरचं नावही विक्रमच; त्यावरच्या चास्टे या उपकरणाने ऑगस्ट 2023 मध्ये मातीचं तापमान मोजलं: पृष्ठभागावर 50 अंशांच्या आसपास, आणि फक्त आठ सेंटिमीटर खाली उणे 10. पन्नास अंश म्हणजे काय हे मे महिन्यात इथं राहिलेल्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही. पण बोटभर खाली बर्फाहून थंड, हे ऐकून वर्ग गप्प होतो, आणि उपकरण किती खोल खुपसायचं यावर आपणहून बोलायला लागतो.

आता मंगळ. तिथं वजनापेक्षा कॅलेंडर जास्त छळतं. यान सोडायला सोयीची पृथ्वी-मंगळाची जुळणी सुमारे 26 महिन्यांनी येते. म्हणून जुलै 2020 मध्ये अमिरातीचं, चीनचं आणि अमेरिकेचं यान एकाच महिन्यात सुटलं आणि तिन्ही फेब्रुवारी 2021 मध्ये पोचली. एखाद्या गटाची तयारी लांबली तर 'पुढच्या आठवड्यात देतो' चालत नाही, दोन वर्षं गेली. मोहीम प्रमुख झालेल्या मुलाला हे एकदा कळलं की तो बाकीच्यांच्या मागे कसा लागतो, ते बघण्यासारखं असतं.

गणितही इथंच खरं लागतं. महाराष्ट्र राज्य शिक्षण मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात पहिल्याच धड्यात केप्लरचे नियम आहेत, पुढे 'अवकाश मोहिमा' हा अख्खा धडा आहे. सूर्यापासून पृथ्वी 1 आणि मंगळ 1.52 खगोलीय एकक, यान ज्या मधल्या लंबवर्तुळावरून जातं त्याचा अर्धा मोठा अक्ष 1.26. तिसऱ्या नियमाने पूर्ण फेरी 1.41 वर्षं, अर्धी फेरी सुमारे 259 दिवस. कॅल्क्युलेटरवर दहा मिनिटांचं काम. मंगळयानाला पृथ्वीची कक्षा सोडल्यावर मात्र जवळजवळ 300 दिवस लागले, तो फरक का पडला हे गटाला शोधायला लावा. गंमत एवढीच, की ज्या वर्गाला हा धडा आहे त्याच वर्गाच्या डोक्यावर बोर्ड आहे. पालक शाळेत येऊन विचारतील, याचे मार्क किती.

मंगळाची दुसरी मजा संदेशाच्या उशिरात. चंद्राला संदेश सव्वा सेकंदात पोचतो, मंगळाला 3 ते 22 मिनिटं. हे खेळून पाहायला दोन खोल्या आणि चिठ्ठ्या लागतात. एका खोलीत नियंत्रण कक्ष, दुसरीत बाकं आडवी टाकून डोळ्यांवर रुमाल बांधलेला 'रोव्हर'. चिठ्ठी नेणारा दारात तीन मिनिटं थांबणार, परत येताना पुन्हा तीन. 'चार पावलं सरळ' ही चिठ्ठी गेली, उत्तर आलं 'बाक लागलं', नियंत्रणाने 'थांब' लिहिलं. ते पोचेपर्यंत आधीच सुटलेली 'उजवीकडे दोन' ही चिठ्ठी हातात पडून रोव्हर दप्तरांच्या ढिगात. दुसऱ्या फेरीपासून चिठ्ठ्या आपोआप लांब होतात: 'बाक लागलं तर थांब, नाही लागलं तर पुढे हो.' मंगळयानाचंही असंच होतं. 24 सप्टेंबर 2014 ला कक्षेत शिरतानाचे सगळे आदेश आधीच भरून ठेवले होते, कारण बातमी इथं पोचायलाच बारा मिनिटांच्या वर लागत होती. इंजिन तर जवळजवळ 300 दिवस बंद होतं, दोन दिवस आधी ते चार सेकंद चालवून पाहिलं.

मंगळयानाच्या वजनाचा हिशोबही एकदा फळ्यावर मांडावा. 1337 किलोंपैकी सुमारे 852 किलो इंधन, विज्ञानाची उपकरणं सगळी मिळून 15 किलो. भांडण होतं, पण चंद्राइतकं रंगत नाही. फिरत्या यानाची सौरपट्टी बहुतेक वेळ उन्हात असते, त्यामुळे वीजवाला गट लवकर मोकळा होतो आणि मग इतरांचं डोकं खातो. जमीन वरून पाहण्याचं काम प्रत्यक्ष कसं चालतं हे दाखवायचं असेल तर इस्रोचं प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र अमरावती रोडवर आहे. भेट मिळते का, पत्र टाकून विचारा. रमण विज्ञान केंद्राचं तारांगण दोन्ही मोहिमांना उपयोगी, पण सहल प्रकल्पाच्या मध्यावर काढा. सुरुवातीला नेलं तर मुलं नुसती बघून येतात.

तिसरा पर्याय फार थोड्यांसाठी आहे: अपोफिस हा लघुग्रह. साडेतीनशे मीटरच्या आसपासचा हा दगड 13 एप्रिल 2029 ला पृथ्वीच्या पृष्ठभागापासून साधारण 32,000 किलोमीटरवरून जाणार आहे, भूस्थिर उपग्रहांहूनही जवळून. धडकणार नाही, हे घरी आधी सांगून ठेवा. तयार उत्तरं कमी सापडतात, म्हणून नक्कल करणाऱ्या वर्गावर हा उतारा आहे. पण मराठीत वाचायला जवळजवळ काही नाही, त्यामुळे गटात इंग्रजी सहज वाचणारं एखादं तरी मूल लागेल.

आणि मुलांनी मंगळाच्या रोव्हरचा हट्ट सोडलाच नाही, किंवा मुख्याध्यापकांनी तोच विषय परस्पर जाहीर करून टाकला, तर उतरणं हिशोबातून वगळा. रोव्हर सुखरूप उतरला असं धरा आणि गटाला फक्त पहिल्या दहा मंगळ-दिवसांचं वेळापत्रक मागा. तिथला दिवस 24 तास 39 मिनिटांचा असतो, म्हणजे नागपुरात बसून काम करणाऱ्या नियंत्रण गटाची हजेरीची वेळ रोज चाळीस मिनिटांनी पुढे सरकते. दहाव्या दिवशी पाळी रात्री किती वाजता सुरू होणार आणि तेव्हा कोण जागं राहणार, हे त्यांना आपसात ठरवू द्या.